टिपणीसांची माळ

विद्याधर टिपणीसांना खोटं बोलता येत नसे. कचेरीत उशीर झाला तर "झोप लागली" असं साहेबाच्या तोंडावर सांगणारा हा माणूस. पण उतारवयात त्यांनी एकदाच एक धडधडीत थाप मारली, आणि तीसुद्धा कुणाला? तर वेसाव्याच्या सरू कोळणीला! अहो, त्यापेक्षा सरकारला फसवलं असतं तर परवडलं असतं.

टिपणीस अंधेरीला दोन खोल्यांत एकटे राहत. बायको कुंदा वारली होती. मुलगी नीला लग्न होऊन नागपूरला, तिच्या संसारात बुडालेली. पेन्शन ठरलेली, आणि दिवसभरात तोंड उघडायचं ते फक्त सकाळी, सरूबाई आली की. "ओ भाऊ, उठले का नाय?" अशी हाक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की हे घाईघाईने सदरा चढवत. सरूबाई पाटी उंबऱ्याशी टेकवायची, कोयता काढायची आणि मासळी कापता कापता अख्ख्या वेसाव्याची खबर द्यायची. कुणाची सून रुसली, कुणाचं जाळं फाटलं, सगळं. कुंदा होती तेव्हा घासाघीस ती करायची. आता टिपणीस करत आणि फार वाईट करत. मुद्दामच! भाव लवकर ठरला तर बाई लवकर उठेल, ही भीती.

छप्पन साल संपता संपता तिकडे इजिप्तमध्ये सुवेझचा कालवा बंद पडला. टिपणीसांनी वर्तमानपत्रात वाचलं, थोडे हळहळले आणि घडी घालून चहा पीत बसले. कालवा तिकडे, आपण इकडे. आपल्याला काय त्याचं?

काय त्याचं ते लवकरच कळलं. आधी रॉकेल महागलं. मग वखारवाल्याने कोळसा चढवला, म्हणे लॉरीचं भाडं वाढलं. वाण्याने डाळ चढवली, परटाने इस्त्री. न्हाव्यानेसुद्धा दाढीचा भाव वाढवला तेव्हा मात्र टिपणीस उखडले. "तुझा वस्तरा काय रॉकेलवर चालतो रे?"

"वस्तरा नाही साहेब, पण घरचा स्टो चालतो ना!" न्हावी म्हणाला. सगळ्यांनी आपापला भाव वाढवून घेतला होता. पेन्शनराला भाव वाढवता येत नाही, एवढाच काय तो फरक.

सरूबाई तर रोज तणतणत यायची. "आमचे पोरानं, महादूनं मोठे हौसेनं होरीला मशीन बसवला. आता ती मशीन घरातल्या मानसांपेक्षा जास्ती खाते! तेल म्हागला, बरफ म्हागला, टरकवाला तोंडाला येल ते मागतो. मंग पापलेट काय जुने भावानं मिलनार?"

टिपणीस तिला समजावून सांगत. तेलाची जहाजं आता आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला जातात, जहाजं अपुरी पडतात, म्हणून इथंही तेल महाग.

"मंग बंद कशाला केला मेल्यांनी तो कालवा?" सरूबाई अशी काही कडाडायची, जणू कालव्याची किल्ली टिपणीसांच्याच खिशात होती.

त्यांना या भांडणाची मोठी गंमत वाटे. महागाईमुळे सरूबाई जरा जास्त वेळ टेकते, म्हणून एक-दोनदा त्यांना महागाईचं बरंसुद्धा वाटलं. असल्या एकटेपणाला काय म्हणावं!

पण गंमत फार टिकली नाही. टिपणीस पापलेटावरून बोंबलांवर आले, बोंबलांवरून मांदेलीवर, आणि शेवटी करंदीचा एक लहानसा वाटा घेऊ लागले. शेजारच्या नलिनीबाईंनी तर मासळी बंदच केली. समोरच्या चंद्रप्रकाशांकडे रविवारची उरली, मग तीही गेली. गल्लीत सरूबाईची पाटी टेकायची ती एका टिपणीसांच्याच दारात.

एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की सरूबाई वाटा मोजून ठेवते आणि मग बोलता बोलता, दुसरीकडे बघत, मूठभर करंदी वर टाकते. दुसऱ्या दिवशीही तेच. जिच्या घरची होडी तेलावाचून दिवस दिवस काठाला पडून राहते, तिच्याकडून आपण दान घ्यायचं? आणि महाग झालंय, जमत नाही, हे चार शब्द बोलायची तर लाज! रात्रभर तळमळले. सकाळी हाक आली तेव्हा सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सरूबाई, आजपासून मासळी बंद. माळ घातली मी."

बोलून गेले खरे. त्यांचा हिशोब असा की मासळी सुटेल, पण बाई रोजच्यासारखी दोन घटका टेकेल, बोलेल, पुढे जाईल.

कसलं टेकतेय! सरूबाईने आधी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग पाटी झटकन उचलली, हात जोडून कपाळाला लावले. "चांगला केला भाऊ," म्हणाली. नळावरून तांब्याभर पाणी आणून तिने उंबरा स्वतः धुतला. माळकऱ्याच्या दारात मासळीची पाटी टेकवत नाहीत, हे वेसाव्यातलं शेंबडं पोरही जाणतं. टिपणीसांच्याच डोक्यात तेवढं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हाक बंद झाली. बाकीच्या कोळणींनाही तिने सांगितलं असावं, कारण त्या गल्लीच्या तोंडावरूनच वळायच्या. टिपणीस सकाळी सदरा चढवून बसत आणि दुपारी उतरवून ठेवत. कधी कधी संध्याकाळी आपला आवाज आहे की गेला, हे बघायला ते स्टोशी बोलत. "पेट की रे बाबा." फार एकटं वाटायचं त्यांना. कुंदा गेली तेव्हा माणसं आली होती, बसली होती. आता गेलेलं कुणाला दाखवायचं, आणि बसायला तरी कोण येणार?

उन्हाळ्यात कालवा पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली. टिपणीसांनी ती दोनदा वाचली. पण ना वाणी खाली आला, ना न्हावी. वर जाताना सगळ्यांना घाई होती, उतरताना कुणालाच नाही. एक दिवस हे ताडकन उठले. बस झालं सोंग! खरं सांगून टाकायचं, लाज गेली खड्ड्यात.

स्टेशनजवळच्या बाजारात सरूबाई बसली होती. वाळली होती. त्यांना बघताच तिने फडक्याने पाटी झाकली.

"झाकू नकोस," टिपणीस म्हणाले. "मी खोटं बोललो गं. माळबीळ काही नाही. मला परवडत नव्हतं."

"ठाव हाय मला," सरूबाई म्हणाली. "माळकरी मानूस गला झाकतो काय भाऊ? माळ दिसंल असा फिरतो."

"मग तू यायची का थांबलीस?"

सरूबाईने फडक्याचं टोक पाटीखाली खोचलं. "तुमचे गल्लीत तुमीच एक उरले होते. तुमाला पुरे भावानं द्यायला हात धजत नवता, कमी भावानं द्यायला जमत नवता. रोज घरातून निंघताना वाटायचा, आता येत नाय म्हनून आज सांगू, उद्या सांगू. त्या दिसी तुमीच बोलले. सुटले बघा मी."

टिपणीसांना ते लागलं, पण ते मागे हटले नाहीत. "मासळी राहू दे. नुसती ये. घोटभर चहा घे, चार गोष्टी सांग. मला दुसरं काही नको."

तिचे डोळे भरून आले, लपवले नाहीत तिने. "पाटी हाय म्हनून मी तुमचे दारात बसते, भाऊ. पाटीबिगर आली तर तुमी कोन नि मी कोन? लोक काय बोलतील? नि आमचा म्हातारा काय बोलंल? तुमीच सांगा."

टिपणीस काहीतरी सांगायला गेले. पण मागून एका बाईने पिशवी पुढे केली.

"घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा हो," ती म्हणाली.

टिपणीस बाजूला झाले.