हेरॉनची उसळी

संगणकाच्या भाषा शिकवणाऱ्या त्या संस्थेत कुठला वर्ग ठेवायचा नि कुठला बंद करायचा, हे तिथे आकडेवारी पाहणाऱ्या एका माणसाच्या आलेखावरून ठरे. लोक इंटरनेटवर कोणत्या भाषेचं नाव किती शोधतात, त्यावरून तो त्या भाषेची चलती मोजी. त्याच्या वहिनीही तिथेच बावीस वर्षं संगणकाची एक जुनी भाषा शिकवत होत्या.

वर्षअखेरच्या बैठकीत त्याने पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. वहिनींच्या भाषेची जमिनीला टेकलेली. ‘हेरॉन’ या नव्या भाषेची मात्र तीन आठवड्यांत आभाळाला भिडलेली.

“आकड्यांपुढे कुणाचं चालतं?” संचालक म्हणाले.

वहिनींचा वर्ग बंद झाला. “भाऊजी, तुम्ही तुमचं काम केलंत,” असं म्हणून घरी त्यांनी उलट त्यालाच धीर दिला.

महिन्याभरात हेरॉनची रेषा धाडकन खाली आली. लोक इतक्यात या भाषेला विटले कसे? त्या नावासोबत लोकांनी आणखी काय शोधलं, ते त्याने उघडून पाहिलं. हेरॉन बोट. हेरॉन प्रवाशांची यादी. हेरॉन वाचलेले. हेरॉन रुग्णालय फोन.

दूरच्या एका बंदराजवळ त्या नावाची बोट बुडाली होती. मोजणी फक्त संगणकाच्या विषयापुरती ठेवायला तो घाईत विसरला होता. कुणी आईला शोधत होतं, कुणी नवऱ्याला, आणि त्याने ती सगळी तगमग लोकप्रियता म्हणून मोजली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस तो गप्प बसला. तिसऱ्या दिवशी संचालकांना सांगितलं.

“हेरॉनचे प्रवेश भरलेत. आता कशाला उकरून काढता?” ते म्हणाले.

संध्याकाळी वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

“वहिनी, काय वाटेल ते बोला मला.”

वहिनींच्या हातातली चादर हातातच राहिली. “माझ्या वर्गाचं राहू द्या, भाऊजी. ती बोटीतली माणसं सापडली का हो?”

दोन दिवस तो आपली अब्रू कशी वाचवायची, एवढाच घोर जिवाला लावून बसला होता. त्या माणसांचं काय झालं, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

“धरा,” म्हणत वहिनींनी चादरीचं एक टोक त्याच्या हाती दिलं. घडी होईपर्यंत त्याला वर बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आपली चूक त्याने सहीनिशी लिहून संस्थेच्या फलकावर लावली. वर्ग काही पुन्हा सुरू झाला नाही.