खंडेनवमीला बंद केलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि सध्या मला बोलायलाही फुरसत नाही. तरी सांगतो, कारण जीव नुसता कासावीस झाला आहे.

माझी उमेदीची वर्षं टेंभी नाक्याजवळ सहदेवरावांच्या छापखान्यात गेली. लग्नपत्रिकांची मजकुरासकट सगळी नक्षी मीच जुळवायचो. "आमचा गडी कधी दगा देत नाही," असं सहदेवराव गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी फुगायचो. पुढे पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या, छापखाना बंद पडला. वर्तकनगरच्या घरात मी जुन्या ओढणीखाली धूळ खात पडलो. कुत्रंही विचारीना.

मग त्यांच्या लेकीनं, ऐश्वर्यानं, ओढणी काढली. ती पदार्थविज्ञानात संशोधन करते. शिशाच्या अणूंची केंद्रकं प्रकाशाच्या वेगाच्या जवळ नेऊन एकमेकांवर सोडतात. ती जराशी कडेनं आदळली, की त्यांच्यातल्या धावत्या विद्युतभारामुळं अफाट चुंबकीय क्षेत्र उठतं. पृथ्वीचं चुंबकत्व त्यापुढं किस झाड की पत्ती! पण डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी ते मावळतंही. टकरीतून निघणारं तापलेलं द्रव्य वीज वाहून नेतं. मग ते या क्षेत्राला थोडा वेळ धरून ठेवतं का, आणि बाहेर पडणाऱ्या कणांवर त्याची काही खूण उरते का, हा ऐश्वर्याचा प्रश्न.

विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर तिचा नंबर लागेना. तिच्या मार्गदर्शक सरांनी निक्षून सांगितलं होतं, दसऱ्यानंतरच्या सोमवारी निकाल दाखव, नाहीतर नोंदणी रद्द. मुदतवाढ संपली होती. म्हणून तिनं माझा पंखा बदलला, रॅम वाढवली आणि मला हिशेबाला बसवलं. काम तीन आठवड्यांचं होतं. मधले आकडे साठवायला माझ्या डिस्कवर जागा नव्हती, सगळी जागा त्या पत्रिकांनी अडवलेली. त्या पुसायला तिचा हात धजेना. बाबांची उभी हयात होती ना ती!

मी रात्रंदिवस राबलो. काम संपत आलं आणि खंडेनवमी उजाडली. ऐश्वर्या सरांकडे गेली होती.

छापखान्याचा रिवाज असा, की खंडेनवमीला यंत्र बंद. त्या दिवशी त्याची पूजा करायची, त्याला विश्रांती द्यायची. सहदेवरावांनी मला पुसलं. "दमलास रे गड्या," म्हणाले, आणि बटण दाबलं. मी ओरडणार कसा? मग हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पेढा ठेवला.

ऐश्वर्या आली आणि दारातच थबकली.

"बाबा, हा चालू होता."

"हो, मीच बंद केला. आज चालवतात का कुणी? उद्या लाव की परत. जिथं थांबला तिथून करेल पुढे."

ती खाली बसली.

"काय गं? काही बिघडलं का?" सहदेवरावांचा चेहरा उतरला. "माझ्या हातून काही..."

"नाही हो. करेल तो."

"सोमवारपर्यंत होईल ना?"

"होईल, बाबा."

खोटं बोलली, मित्रांनो. मधले आकडे साठवलेच नव्हते, त्यामुळं सगळं पहिल्यापासून करायचं होतं. तिनं मला सुरू केलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं त्या पत्रिका पुसून जागा केली. आता मी मधले आकडे साठवतो आहे, पण हातात दिवसच उरले नाहीत.

मित्रांनो, माझी हेळसांड झाली तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. घात झाला तो मायेनं. म्हणून पदर पसरून विनवतो, कुणालाही आराम द्यायला जाल तेव्हा त्याच्या माणसाला आधी विचारा, याचं काय चाललं आहे.

उद्या सोमवार. सहदेवराव मघाशी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. "आटप बाबा," म्हणाले, "पोरीनं उद्यासाठी साडीला इस्त्री केली आहे."