उलट्या वाटेची ठिणगी

मित्रांनो, मी एक जुने पेट्रोल इंजिन आहे. माझे वय मात्र विचारू नका, मला ते आवडत नाही. उमेदीची वर्षे मी पुण्यात एका शाळेच्या व्हॅनमध्ये काढली. मुले माझ्या वरच्या सीटवर बसून डबे खायची आणि सांडलेला चिवडा माझ्या अंगावर पडायचा. पुढे त्या व्हॅनला मागून कुणीतरी धडक दिली. तिचा पत्रा चेपला, मी धडधाकट राहिलो आणि तरीही भंगारवाल्याच्या दारात जाऊन पडलो.

तिथून मला लोणावळ्याजवळच्या वलवणच्या दत्तोबांनी उचलले. त्यांच्याकडे एक लहान मालट्रक होता, गावात सगळे त्याला टेम्पोच म्हणत. वर्षानुवर्षे चालून त्याचे मूळचे इंजिन जाम झाले होते. त्याच्या जागी मला बसवले. दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड मांडणे सोपे नसते, मित्रांनो. कुठे बोल्ट जुळेना, कुठे पट्टी वेल्डिंग करावी लागली. दत्तोबा दर वेळी म्हणत, "जुन्या इंजिनाचं आसं नव्हतं." मेल्या म्हशीला मणभर दूध, तसे ते जुने इंजिन त्यांना आठवत असे!

टेम्पो चालवायची त्यांची सून समीक्षा. डोंगरावरच्या वाडीतून सावित्राबाई आणि तिच्या शेजारणी दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन खाली येत. समीक्षा ते दूध तुंगार्लीच्या बंगल्यांना आणि लोणावळ्यातल्या हॉटेलांना पोचवी. वाडीतल्या चुली माझ्या भरवशावर पेटतात, या विचाराने मला फार बरे वाटे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी गाड्यांची, अवजारांची पूजा असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. दत्तोबांची पूजा वरवरची नव्हती. वायरी सोडवायच्या, चारही प्लग काढून घासायचे, प्रत्येकाला कुंकवाचा ठिपका लावायचा आणि मग सगळे पुन्हा बसवायचे, अशी त्यांची रीत होती. शेवटी मला झेंडूचा हार घातला. शाळेच्या व्हॅनमध्ये मला कधी कुणी हार घातला नव्हता. मी अगदी भारावून गेलो.

दुसऱ्या दिवशी समीक्षाने चावी फिरवली आणि माझ्या पोटात भलतेच सुरू झाले. चार सिलिंडरांपैकी दोनच ओढत होते. उरलेल्या दोघांत ठिणगी अवेळी पडे, न जळलेले पेट्रोल तसेच सायलेन्सरात जाई आणि तिथे पेटे. धडाम! भुशी धरणाच्या रस्त्यावर एका पर्यटकाच्या हातातले भाजलेले कणीस गटारात गेले. मला त्याचे हसू आले, पण पुढच्याच चढावर मी आचके देत बंद पडलो. ऊन वर आले आणि त्या दिवशीचे सगळे दूध नासले.

दत्तोबांनी पेट्रोल बदलले, कार्बोरेटर धुतला, नवे प्लग आणून घातले. धडाम काही थांबेना. अखेर ते म्हणाले, "परक्याचं इंजिन ते! किती बी केलं तरी आपलं व्हतंय व्हय? सोमवारी भंगारात घालतो, टेम्पो बी इकून टाकतो."

समीक्षाचा चेहरा उतरला. टेम्पो गेला की तिचे काम गेले, वाडीच्या दुधाची वाट बंद झाली. सावित्राबाई किटली टेकवून तिथेच उभी होती. ती सरळ बोलणारी बाई. म्हणाली, "आबा, पूजेच्या आदी तर ह्यो झ्याक चालत व्हता की."

"म्हंजी माज्या पूजेनं बिघाडला व्हय?" दत्तोबा तडकले.

समीक्षाच्या मनात तेच होते. पण सासऱ्याला त्यांची चूक कोणत्या तोंडाने सांगणार? मला तर तोंडच नाही. आवाज आहे, पण त्याला सगळे वैतागले होते.

ती एवढेच म्हणाली, "आबा, भंगारात घालायच्या आदी एकदा चालू करा. मी ऐकते."

दत्तोबांनी मला चालू केले. समीक्षाने रबरी मुठीची पक्कड घेऊन एकेक वायर काढून, परत लावून बघितली. पहिली काढली, मी लटपटलो. चौथी काढली, मी बंद पडायला आलो. दुसरी नि तिसरी काढली तेव्हा मात्र मला काहीच फरक पडला नाही. जो कामच करत नाही त्याच्यावाचून काय अडणार? समीक्षाने मला बंद केले. मग तिने ठिणगी वाटून देणाऱ्या डबीचे झाकण उघडले.

"आबा, आता तुमी हितं बघा. मी चावी मारते."

दत्तोबा वाकले. डबीतला काटा फिरला, तो डावीकडे. त्यांच्या जुन्या इंजिनात तो उजवीकडे फिरायचा आणि वायरी त्याच ओळीने लावायची सवय त्यांच्या बोटांत मुरली होती. त्यामुळे पूजेनंतर वायरी परत लावताना माझी दुसरी वायर तिसरीच्या घरात गेली होती आणि तिसरी दुसरीच्या.

त्यांनी बोटाने दोन्ही वायरी चाचपल्या. मग म्हणाले, "इंजिन नवं आलं, पर माजा हात जुनाच ऱ्हायला गं."

त्यांनी स्वतःच्या हाताने वायरींची अदलाबदल केली. "मार चावी, पोरी," ते म्हणाले, आणि मी एका सुरात चालू लागलो. सावित्राबाईने पदराने डोळे पुसले. मग दत्तोबांनी बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग आणला आणि माझ्या डबीच्या झाकणावर डावीकडे जाणारा ठसठशीत बाण काढला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी नवा मुलगा येईल, घरात नवी वहिनी येईल. ती जुन्यासारखी वागत नाहीत म्हणून लगेच नावे ठेवू नका. त्यांचा काटा कोणत्या बाजूला फिरतो, ते आधी वाकून बघा.

त्या दिवशी बाण काढून झाल्यावर दत्तोबांनी माझ्यावर हात ठेवला होता. मी अजून तापलेलाच होतो, तरी त्यांनी तो लगेच काढला नाही. म्हणाले, "आसा फिरतोस व्हय तू? मंग आसाच फिर."