पाठराखा दिवा विकला म्हणून

मित्रांनो, मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेच्या रिळांमागे फळीवर जो धुळकट डबा दिसतो ना, तो मी. आहे मी एक जुना सर्व्हर. नाक मुरडायचे असेल तर आताच मुरडून घ्या, म्हणजे मला पुढे बोलता येईल.

सर्व्हर म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुम्ही आपापल्या घरी बसून एकच खेळ एकत्र खेळता, तेव्हा त्या खेळातले गाव कुठल्यातरी यंत्रात वसलेले असते. असे एक गाव माझ्यात होते. खेळ एका बड्या कंपनीचा, पण गाव आमचे. त्यातली विहीरसुद्धा आमच्या माणसांनी खणलेली.

मी कुठल्या कारखान्यातून नवाकोरा आलो नाही. एका कार्यालयाने फेकलेला सांगाडा, दुसऱ्याची डिस्क, तिसऱ्याचा पंखा, असा मला वाइंडिंगवाल्याने जोडला. माझे बटण तुटलेले. तो दोन तारा एकमेकींना टेकवून मला जागे करी. हे तो शिकला कुठे? कुठेच नाही. जळक्या मोटरींची पोटे उघडून जसा शिकला, तसाच माझे पोट उघडून शिकला.

हा सारा खटाटोप लेकीसाठी. चार वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. मला जोडले तेव्हा ती चौदाची होती. घरी पाहुणे जमले, हशा पिकला, की ती आईची बाही ओढून विचारी, काय झाले? आई म्हणे, "काही नाही गं, नंतर सांगते." ते नंतर कधी येत नसे. खेळात मात्र सगळेच टाइप करून बोलत. तिथे कुणाचे ओठ वाचावे लागत नसत. तिथे तिचे नाव चिमणी, आणि जीभ अशी तिखट की समोरच्याने दहादा विचार करावा.

"चिमणे, तुझ्या घराला दार कुठंय?" भोपळ्याने एकदा विचारले. भोपळा म्हणजे बेकरीत पाव भाजणारा एक खेळाडू.

"तुझ्यासारखे आत येऊ नयेत म्हणून ठेवलंच नाही."

"मग तू कशी जातेस?"

"भिंत फोडते, आत जाते, परत बांधते. तुझ्यासारखी आळशी नाही मी."

पण त्या खेळात अंधार पडला की सावल्या येत. गुरगुरत, पाठीमागून. ज्यांना ऐकू येई ते वळून लढत. लेक मरे. एका दिवसात अकरा वेळा मेली, तेव्हा कुणीतरी लिहिले, "बहिरी आहे का ही?" लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. तिने पडदा बंद केला आणि आठ दिवस दुकानात पाऊल टाकले नाही.

बाप कामाला लागला. आठ दिवस माझ्यासमोर बसून त्याने एक दिवा बनवला. खेळातल्या माणसाच्या टोपीवर लागणारा. सावली मागे आली की तो लुकलुके. नाव ठेवले पाठराखा.

मित्रांनो, त्यानंतर काय झाले ते आठवले की माझा जुना पंखा आजही जोरात फिरतो. कुठकुठून ऐकू न येणारी मुले, माणसे आमच्या गावात राहायला आली. चाळीसच्या वर. ती लढू लागली, जिंकू लागली, भांडू लागली. मग कान शाबूत असलेलेही तो दिवा मागू लागले. बापाने नियम केला: ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फुकट, इतरांनी महिन्याला एका चहाचे पैसे द्यावेत. त्यावर माझी वीज आणि इंटरनेट भागे. वर काही उरत नसे.

भोपळ्याने तेवढ्यातही लबाडी केली. ऐकू येत नाही असे सांगून तीन महिने फुकट दिवा लावून हिंडला. एका दुपारी स्वतःच लिहून बसला, "शेजारी ड्रिल चालू आहे, डोकं उठलंय नुसतं." मग चिमणी म्हणाली, "अभिनंदन. कान आले वाटतं!" त्याने त्याच दिवशी तीन महिन्यांचे पैसे पाठवले.

मग कंपनीचा नवा नियम आला. खासगी सर्व्हरवाल्यांनी टोप्या, रंग, शोभेच्या वस्तू विकाव्यात. ज्याने एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त बळ मिळते, असे काहीही विकू नये. नियम उगाच नव्हता, हेही सांगतो. काही बदमाश सर्व्हरवाले पोरांना तलवारी विकत होते, आणि पोरे आईबापांच्या नकळत पैसे उडवत होती. त्यांचे कान उपटायलाच हवे होते.

पण आमच्या बापाची एक खोड होती. मोटर जळलेली नसेल, नुसती तार सुटलेली असेल, तर तो गिऱ्हाइकाला तसे सांगून फुकट परत पाठवी. त्याच खोडीने, आमचा दिवा नियमात बसतो का, असे विचारणारे पत्र तो कंपनीला लिहायला बसला.

"कशाला विचारताय?" लेकीची आई म्हणाली. "विचारलं की नाहीच म्हणतात."

"चोरी केलीय का आपण? मग लपवायचं कशाला?"

"अहो, चोर कुठं विचारतात! तुमच्यासारखेच विचारतात आणि अडकतात."

त्याने ईमेलमध्ये सगळे लिहिले. दिवा, चहाचे पैसे, लेकीचे कान. उत्तर चार मिनिटांत आले. इतके लांब पत्र माणूस चार मिनिटांत वाचून उत्तर देत नाही. लिहिले होते: आपण नियमभंग मान्य केला आहे. आपला सर्व्हर बंदीच्या यादीत टाकला आहे.

त्या दुपारपासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या घरच्या यंत्रातला कंपनीचा खेळच वाटेत अडवू लागला. मी चालू होतो. गाव जागेवर होते. माणूस एक नाही.

बापाने दिवा सर्वांना फुकट केला. तसे पाच वेळा कळवले. पाचही वेळा तेच उत्तर, तीच चार मिनिटे. आणि तलवारी विकणारे? त्यांनी तलवारीला 'देणगीदारांची भेट' असे नाव दिले आणि दुकान चालू ठेवले. त्यांच्याकडे वकील होते. आमच्याकडे खरेपणा होता, तो कुणी विचारला नाही.

लोक म्हणाले, मोबाइलवर गट करा की. केला. थोडे दिवस बरा चालला. मग एक दिवस भोपळ्याचे हात पिठात होते, म्हणून त्याने बोलून आवाजाचा निरोप टाकला. त्याला दुसऱ्याने बोलूनच उत्तर दिले. तिसरा त्यावर हसला. लेक त्या निरोपांकडे बघत राहिली. तिने लिहिले, "काय म्हणताय?" भोपळ्याने लिहिले, "काही नाही गं, नंतर सांगतो." तिने गट सोडला. भोपळा वाईट नव्हता, मित्रांनो. त्याच्या ध्यानातच आले नाही.

आता लेक सोळाची आहे. दुकानात येते, तारेची रिळे लावते, गिऱ्हाइकाने काही विचारले की हसते आणि बापाकडे बोट दाखवते. चिमणीची जीभ मी शेवटची कधी पाहिली, तो दिवस माझ्या डिस्कवर नोंदलेला आहे. बाप मला अजून बंद करत नाही. का, ते त्यालाच ठाऊक.

काल तो सातवे पत्र आधी कागदावर लिहीत होता. सुरुवात केली होती, 'साहेब, आमची चूक झाली, माफ करा.' लेकीने मागून येऊन वाचले. त्याच्या हातून पेन घेतले आणि ती ओळ कागद फाटेस्तोवर खोडली. खाली लिहिले, 'मी या गावात राहत होते. आम्ही चाळीस जण राहत होतो. आम्हाला बाहेर का काढलं, ते सांगा.' बापाने त्या कागदाचा फोटो काढून तसाच पाठवला. या वेळी चार मिनिटे झाली, तास झाला, आज दुसरा दिवस आहे. उत्तर नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी मोठे होऊन अशा कंपनीत खुर्चीवर बसेल. नियम करा, जरूर करा. पण कुणाचे पत्र आले तर ते स्वतः वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. यंत्राकडे देऊ नका. मी यंत्र आहे. आम्ही कसे वाचतो ते मला माहीत आहे.