मुन्ना हात द्यायच्या आत

हट्टा गावात लाईट जायची वेळ झाली की कोमलच्या बोटांना घाई सुटते. आज त्या घाईनंच घात केला.

नांदेडच्या एका दवाखान्याचे सर्व्हर ती घरबसल्या सांभाळते, टीमक्स लावून. टीमक्स म्हणजे काय, तर एकाच पडद्याच्या दोन खिडक्या करायच्या. डावीकडं सरावाचा सर्व्हर, उजवीकडं खरा. इथली लाईट जावो, नेट जावो, लॅपटॉप विहिरीत पडो, खिडक्यांतलं काम तिकडं चालूच राहतं. परत जोडलं की जिथं सोडलं तिथून पुढं. आपल्या भागात बसून असली नोकरी करायची तर दुसरा इलाजच नाही.

आज सरावाच्या सर्व्हरवरचे खोटे रिपोर्ट पुसायचे होते. ती होती उजव्या खिडकीत. डावीकडं जायची कळ दाबली, पडदा ढिम्म. नेट रखडलेलं. म्हणून बाईसाहेबांनी परत दाबली, अन् त्यावरच पुसायचा हुकूम ठोकून दिला. कळा दोन्ही पोचल्या होत्या. खिडक्या दोनच, म्हणून ती डावीकडं जाऊन फिरून उजवीकडंच आलेली. पडदा हलला तेव्हा खऱ्या सर्व्हरवर प्रश्न उभा होता: सगळं पुसायचं? yes लिहा. तेवढ्यात लाईट गेली, अन् नेटही.

तिकडं जित्या माणसांचे रिपोर्ट होते. तिच्या आईचे, द्वारकाबाईचेसुद्धा. बॅकअपची डिस्क बिघडून दुरुस्तीला गेलेली.

प्रश्न नुसता उभा राहिला असता तर हरकत नव्हती. पण जवळा बाजार गावचा मुन्ना तिच्या जोडीला काम करतो, त्याच खिडक्यांना जोडलेला असतो. दोघांचं ठरलेलं आहे: ज्याची लाईट जाईल त्याचं अर्धं काम दुसऱ्यानं उरकायचं. आज पुसापुशी आहे हे तिनंच त्याला सकाळी सांगितलेलं. पोरगं भारी कामसू. आत्ता जेवायला गेलं असेल; आलं की खिडकी कोणती ते न बघता yes लिहून मोकळं होणार. फोन लावावा तर रेंजही गेलेली.

"बाबा, गाडी काढा. वसमतच्या रस्त्याला, रेंज मिळेल तिथपर्यंत," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडलेले बघून सटवाजीनं चहा तसाच ठेवला.

"काहून येवढी भेली? बंद करून टाक ना तुझं ते."

"ते बंद व्हत न्हाई, बाबा. त्याच्यासाठीच तर ठेवलंय."

"विहिरीच्या मोटारीला ऑटो टाकल्यावानी? लाईट आली की आपोआप सुरू?"

"व्हय. अन् बटनापाशी मुन्ना बसून राहिला."

सटवाजी जन्मात पळवली नव्हती तशी गाडी पळवू लागला. कोमल मागं बसून फोनच्या कोपऱ्यातल्या रेघांकडं बघत होती. एक आली, गेली. आई विचारेल, माझे एक्स-रेचे फोटो कुठं गेले बाई, तर काय सांगायचं?

फाट्यावर दोन रेघा आल्या. मुन्नाला फोन लावला, तर उचलेना. मग ती फोनवरूनच खिडक्यांना जोडून घेऊ लागली. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पडदा उघडला. प्रश्न अजून उभा होता. तिच्या जिवात जीव आला.

मग प्रश्नापुढं y उमटला.

कोमलनं बोट लावलंच नव्हतं. मागोमाग e आला. तिनं काम तोडायची कळ शोधली. फोनवर ती मुंगीएवढी. अंगठा घसरला, भलतंच दाबलं गेलं. s आला. आता फक्त एंटर राहिलं होतं. तिनं तोडायची कळ सगळा जोर लावून दाबली, अन् प्रश्न गेला.

गेला म्हणजे कुणाच्या हातानं गेला? तिनं रिपोर्टांची यादी मागवली. नावांमागून नावं खाली येऊ लागली. द्वारकाबाईचं नाव आलं तशी कोमल रस्त्याच्या कडेला मातीतच बसली अन् रडू लागली.

फोन वाजला. मुन्ना.

"ताई, आली का लाईट? मी जेवायला गेलतो. तुमचं काम उरकतच व्हतो, मधीच तुटलं बघा. काळजी करू नका, परत टाकून राहिलो."

कोमलनं कानाचा फोन डोळ्यांपुढं धरला. पडद्यावर तोच हुकूम पुन्हा उमटलेला होता, अख्खा. एंटर तेवढं राहिलेलं.

"मुन्ना," ती हळू आवाजात म्हणाली, "फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेव अन् दोन्ही हात वर कर. मी म्हणेस्तवर खाली घेऊ नको."