गुलाबी बाटली आणि तीन प्रश्न

"किती दिवस झाले जळजळतंय?" काकांनी विचारलं.

"अहो, बाटली मागितली मी, जबानी द्यायला नाही आलो!" गिऱ्हाईक वैतागलं.

काका ढिम्म. गुलाबी औषधाची बाटली हातात, पण हात काउंटरच्या आत. "दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत? आणि शौचाला काळं होतं का?"

रांगेतल्या दोघी फिसकन हसल्या. तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय काकांनी पित्ताचं औषध कुणाला दिलं नाही. अकरा वर्षं या औषधाच्या दुकानात मी त्यांच्या शेजारी उभी होते. हे प्रश्न ऐकून माझे कान किटले होते.

आणि हा माणूस स्वतः? खालच्या कप्प्यात, कापसाच्या पुड्यांमागे, त्यांची स्वतःची बाटली. अकराला एक घोट, चारला एक घोट. मिशीला गुलाबी कड यायची. "काका, मिशी," मी म्हणायची. ते पुसायचे आणि आम्ही दोघंही हसायचो. हसत होते मी, मूर्ख कुठली!

त्या दुपारी खोकं काढायला ते शिडीवर चढले आणि दुसऱ्याच पायरीवर थांबले. चेहरा पांढराफटक. खाली उतरून त्यांनी कप्प्यात हात घातला, पण बाटली मी आधी उचलली.

"दे गं इकडे."

मला काय सुचलं कोण जाणे. "किती दिवस झाले?"

"चेष्टा पुरे."

"किती दिवस, काका?"

ते शिडीला टेकले. "आठेक महिने."

"दुसऱ्या कसल्या गोळ्या?"

"गुडघ्याची, दुखण्यावरची. रोज दोन." मग चिडून म्हणाले, "डॉक्टर म्हणेल, उभं राहणं बंद करा. घरी बसून काय करू मी? भिंती बघू?"

दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात जखम होते, गुलाबी औषध ती नुसती झाकतं आणि जखमेतून रक्त गेलं की शौचाला काळं होतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. दुसरा कुणी असता तर काकांनी त्याची बिनपाण्यानं केली असती.

तिसरा प्रश्न तोंडातून निघेना. वडिलांच्या वयाचा माणूस तो. पण विचारला.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सोमवारपासून," म्हणाले.

त्या दिवशी गुरुवार होता. भर दुपारी मी शटर ओढलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं. आतल्या आत रक्त जात होतं. वाचले, पण गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या आणि उभं राहून काम करणं सुटलं ते सुटलंच.

दीड महिन्याने आले. सवयीने काउंटरची फळी उचलायला हात गेला, मग मागे आला. ते बाहेर रांगेत उभे राहिले.

"काका, आत या ना."

"गिऱ्हाईक आहे मी."

नंबर आल्यावर त्यांनी चिठ्ठी ठेवली. मी गोळ्या काढल्या, आणि माझा हात आपोआप काउंटरच्या आत थांबला.

"विचार की," ते म्हणाले.

मी तिन्ही प्रश्न विचारले. त्यांनी तिन्ही उत्तरं दिली, मागच्यांना ऐकू जातील अशी, मोठ्याने.