उजव्या हाताचे जेवण

उमरोळीचे आत्माराम, वय सहासष्ट, वाडीतली केळी सायकलवरून बोईसरला पोचवून परतताना टेम्पोची धडक बसून पडले. मेंदूला मार बसला. जीव वाचला, उजवा हात मात्र कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा मांडीवर पडून राहिला. खांदा थोडा हले, बोटे जेमतेम. साल १९८७. अशा म्हाताऱ्यांना पुन्हा जगायला शिकवता येते ही वार्ता तेव्हा दर गुरुवारी लुळ्या हातापायांना कामाला लावणाऱ्या एका तरुण तज्ज्ञाबरोबर मुंबईहून पालघरच्या दवाखान्यात येई आणि दुपारच्या गाडीने परत जाई.

तज्ज्ञाने आत्मारामांच्या डाव्या हातात चमचा दिला. "आता याच हाताने जेवायचं, आजोबा."

आत्मारामांनी चमचा खाली ठेवला. जीभ जड होती, तरी शब्द स्पष्ट आले. "डावा हात धुवायला. जेवायला नाय."

"अहो, चमचा आहे ना मध्ये!"

"हात तोच हाय."

तीन गुरुवार हेच झाले. चौथ्या गुरुवारी केसपेपरवर इंग्रजीत नोंद पडली: रुग्ण सहकार्य करीत नाही, उपचार थांबवावेत. नोंद तेव्हाच्या शास्त्राला धरून होती. दुबळ्या हातालाच राबवून त्याला जागे करण्याच्या रीतीवर त्याच सुमारास परदेशात प्रयोग चालू होते. पालघरात त्या रीतीला असहकार म्हणत.

घरी मुलगा विश्राम पाळी संपवून आला, तेव्हा आई रखमा दारात बसून होती. ताटात भात तसाच.

"आये, भरव ना त्यांना. पाच मिनटांचं काम."

"तोंड उगडतील तर ना! दोनदा गेले मी घास घेऊन."

"उजव्यानंच खाईन," आतून आवाज आला.

मग रोज तेच. खांद्याने हात ओढत ताटापर्यंत आणायचा, बोटे भातात खुपसायची, उचलायचे, अर्ध्या वाटेत सगळे सांडायचे. एका जेवणाला दोन तास. चाळीस वर्षांच्या संसारात रखमा नवऱ्याआधी कधी जेवली नव्हती. आता तिचे दुपारचे जेवण चारला होऊ लागले. या उपचाराची अर्धी मात्रा तिच्या पोटात जात होती, हे कुठल्याही केसपेपरवर नव्हते. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ती विहिरीवर चक्कर येऊन खाली बसली.

त्या दुपारी ती समोर येऊन उभी राहिली. "अवो, आज मी भरवते. माजं पोट काय दगडाचं हाय?"

"तू जेव."

"तुमच्या आदी?"

आत्मारामांनी बोटे भातात खुपसली. "माजं काय, लवकर संपत नाय."

रखमाने आपले ताट वाढून घेतले, त्यांच्यासमोर बसली आणि भातावर कालवण ओतून जेवू लागली. आत्मारामांनी पुन्हा खांदा ओढला. तिचे जेवण उरकले तेव्हा त्यांचे दोन घास तोंडात पोचले होते. तिसरा हनुवटीवर होता.

"कालवण खारट हाय," ते म्हणाले.

"खावा मुकाट्यानं," रखमा म्हणाली. हनुवटी पुसायला ती उठली नाही.